बॉनेटवर टवके, मागच्या मडगार्डला फुगा: गंज आत्ताच थांबवायचा तर काय करावं?

मिऱ्याकडची

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज विचारायची वेळ आली. गाडी २०१६ ची हॅचबॅक, सिल्व्हर कलर, पेट्रोल, घेतल्यापासून आमच्याकडेच आहे. आम्ही रत्नागिरीत मिऱ्याच्या बाजूला राहतो, समुद्र अगदी जवळ, वारा सुटला की खिडकीच्या काचांवरसुद्धा खारट थर बसतो. नोकरी लांज्याला, त्यामुळे रोज हातखंबा, पाली करत हायवेनेच जाणं-येणं, आणि चौपदरीकरणाच्या कामात ह्या रस्त्यावर गाडीने किती खडी खाल्ली ते इकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. डंपरच्या मागे अडकलं की बॉनेटवर टकटक आवाज येतोच.

तर आता परिस्थिती अशी. बॉनेटच्या पुढच्या कडेला बरेच टवके उडालेत, त्यातले काही आतून पांढरट दिसतात, काही काळपट, आणि मोजक्या ठिकाणी तपकिरी डाग धरलाय. दुसरं म्हणजे डावीकडच्या मागच्या चाकाच्या वर, मडगार्डच्या कडेला रंगाखाली फुगा आलाय, शर्टाच्या बटणाएवढा, वरचा रंग फुटलेला नाही पण बोट फिरवलं की उंचवटा लागतो. तिसरं, टपावर आणि डिकीच्या दारावर एकदम बारीक नारिंगी ठिपके आलेत, तिथे टवका वगैरे काहीच दिसत नाही.

शोरूमच्या वर्कशॉपमध्ये दाखवली तर म्हणाले बॉनेट आणि मागचं पॅनल दोन्ही पूर्ण पेंट करा, आकडा ऐकून तशीच परत आले. गावातला एक पेंटर म्हणतो फुगा फोडून पुट्टी भरतो, दुपारी गाडी घेऊन जा. शेजारचे काका म्हणतात ॲसिडने पुसून काढ. तिघांचं तीन तऱ्हेचं ऐकून जास्तच गोंधळ झालाय. गाडी विकायची नाहीये, अजून निदान सहा-सात वर्षं चालवायचीय, म्हणून वरवर छान दिसण्यापेक्षा आत गंज पसरायला नको हे महत्त्वाचं. गणपतीला मुंबईची सगळी मंडळी येतात, त्याच्या आत उरकावं असं मनात आहे. घरी काय करता येईल, बाहेर काय द्यावं लागेल, आणि पावसात हे काम करावं का? इन्शुरन्समधून काही होतं का तेही सांगा.

पत्राकाम_कोल्हापूर

ताई, माझं डेंटिंग-पेंटिंगचंच काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या गाडीवर तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हीचा इलाज वेगळा, सगळ्याला एकच "पेंट करा" म्हणणाऱ्याने गाडीकडे नीट बघितलेलंच नाही.

पहिले टवके. फॅक्टरीतून गाडी येते तेव्हा पत्र्यावर आधी फॉस्फेटचा थर असतो, त्यावर अख्खी बॉडी टाकीत बुडवून करंट सोडून चढवलेला प्राइमर, त्याला ई-कोट म्हणतात, मग सरफेसर म्हणजे पृष्ठभाग एकसारखा करणारा थर, मग रंग आणि सगळ्यात वर क्लिअर म्हणजे पारदर्शक थर. हे सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा-दहावा हिस्सा. खडी किती खोल गेली ते टवक्याच्या आतल्या रंगावरून कळतं. आत पांढरट किंवा फिकट राखाडी दिसतंय म्हणजे सरफेसरपर्यंतच गेलंय. काळपट दिसतंय तो बहुतेक ई-कोट, म्हणजे पत्रा अजून झाकलेला आहे. चकचकीत दिसलं तर पत्रा उघडा पडलाय, आणि तपकिरी म्हणजे गंज सुरू. दिवसा उजेडात, भिंग असेल तर भिंगाने, एकेक टवका बघा. तुम्ही लिहिलंय त्यावरून घाई फक्त त्या तपकिरी ठिपक्यांची आहे.

दुसरा तो फुगा. तो दिसायला लहान असला तरी तिन्हीत गंभीर तोच. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून तो रंगाला खालून उचलतो. वरचा रंग फुटलेला नाही आणि तरी खाली गंज आहे म्हणजे पाणी समोरून शिरलेलं नाही, ते कडेवरून किंवा मागच्या बाजूने आलंय. मागच्या मडगार्डची कड आत दुमडलेली असते, त्या दुमडीत चिखल जाऊन बसतो आणि तो पावसाळाभर वाळतच नाही. आता तुमचा पेंटर वरून फुगा फोडून पुट्टी भरणार, पण मागचा चिखल तिथेच, पाणी तिथेच. पॉलिस्टर पुट्टी तर पाणी शोषते, उघड्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर सरळ लावली की एक पावसाळा जेमतेम निघतो आणि पुढच्या वेळी बटणाएवढा फुगा तळहाताएवढा होऊन येतो. हे काम माझ्याकडे दुरुस्तीला नेहमी येतं.

म्हणून आधी आतून बघा. चाकावरचं प्लास्टिकचं लायनर क्लिपांवर असतं, ते कुठल्याही टायरवाल्याकडे काढून मिळेल. कडेच्या आत बोट घालून चिखल काढा, पाण्याने धुवा. मग स्क्रूड्रायव्हरची मूठ फुग्यावर जरा जोर देऊन दाबा. पत्रा टणक लागला तर वरवरचं आहे, दबला किंवा करकरला तर पत्रा सडलाय. आतल्या बाजूला डिकीतलं कार्पेट उचलून त्याच जागी हात लावून बघा, ओल किंवा पापुद्रे लागतात का.

तिसरे ते नारिंगी ठिपके. टवका नसताना, तेही टपावर, म्हणजे तो गाडीचा गंज असेलच असं नाही. नखाने घासून बघा, ठिपका खरखरीत लागतो का? जवळपास कुठे ग्राइंडरचं, वेल्डिंगचं काम चालू होतं का? उत्तर कळवा, मग पुढचं सांगतो.

आणि काकांना सांगा ॲसिड नको. बाथरूमचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. गंज निघाल्यासारखा दिसतो खरा, पण त्यातलं क्लोराइड पत्र्याच्या बारीक छिद्रांत राहतं आणि काही तासांत पत्रा पुन्हा लाल पडायला लागतो. समुद्राच्या मिठात जे क्लोराइड असतं तेच आपण हाताने चोळल्यासारखं होतं.

वसईची_खाडी

वरचं उत्तर छान आहे, मी इन्शुरन्सबद्दल लिहितो, कारण ह्याची चौकशी मी माझ्या गाडीसाठी केली होती. गंज कुठल्याही मोटर पॉलिसीत बसत नाही, झीज आणि गंजणं हे वगळलेलंच असतं. खडीचे टवके अपघाती नुकसान म्हणून दाखवता येतील कदाचित, पण हिशोब बघा. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये तर सक्तीने आपल्या खिशातून जातात. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर रंगाच्या मटेरियलवर ५० टक्के घसारा कापतात, आणि २०१६ च्या गाडीला झिरो डेप मिळणं अवघड. वर क्लेम केला की नो क्लेम बोनस गेला. तुमचा ओळीने पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांवर असणार, ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमचा अर्धा भाग आहे तो, बॉनेटच्या टवक्यांसाठी घालवू नका.

दुसरं, गाडीला कव्हर घालता का? आमच्याकडे खाडीच्या बाजूला सगळे प्लास्टिकचं कव्हर घालतात पावसाळ्यात, आणि आत बघावं तर दरवाज्यांच्या कडांवर घाम सुटल्यासारखं पाणी असतं. ओली गाडी कव्हरमध्ये बंद केली की ती वाळायला जागाच नाही. पत्र्याची शेड असेल तर नुसती शेड बरी, चारी बाजूंनी वारा खेळता राहिला पाहिजे. मी कव्हर सोडूनच दिलं.

आणि धुण्याचं पाणी कुठलं वापरता तेही बघा. किनाऱ्यालगत खूप घरांच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, त्याने गाडी धुवायची म्हणजे मीठ काढून मीठ लावायचं. नळाचं गोडं पाणीच वापरा, आणि टपापेक्षा चाकांच्या वरचा भाग आणि खालची बाजू जास्त धुवा. आपण टप चकचकीत करतो आणि खाली कोणी वाकून बघत नाही.

मिऱ्याकडची

सगळ्यांचे खूप आभार, एवढं नीट कोणी समजावून सांगितलं नव्हतं.

आज उघडीप होती म्हणून बघून घेतलं. बॉनेटवरचे बहुतेक टवके पांढरट-राखाडीच आहेत, खरोखर तपकिरी फक्त पुढच्या कडेचे निघाले, एक त्यातला डाळीएवढा आहे. टायरवाल्याकडे लायनर काढलं तर आत लाल मातीचा घट्ट थर बसला होता, ओंजळभर तरी निघाली, आणि मधे चिंचेची पानं, बारीक खडी असं सगळं. इतक्या वर्षांत तिथे कोणी हात घातलेलाच नाही, सर्व्हिसिंगला गाडी दर वेळी धुऊन मिळते तरी. धुतल्यावर दुमडीच्या कडेला बोटभर लांबीचा गंज दिसला, पापुद्रे सुटतायत. मूठ दाबून बघितली तर पत्रा टणक आहे, दबला नाही. कार्पेटखाली कोरडं आहे.

ठिपक्यांचं तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत. शेजारी मे महिन्यात कंपाउंडच्या गेटचं आणि ग्रिलचं काम चाललं होतं, ग्राइंडर दिवसभर, आणि आमची गाडी भिंतीला लागून उभी. ठिपके नखाला खरखरीत लागतात.

कव्हर प्लास्टिकचंच आहे, आजपासून बंद. पाणी नळाचंच आहे आमच्याकडे.

आता पुढे काय करू? आणि ह्या पावसात काय करता येईल?

पत्राकाम_कोल्हापूर

पत्रा टणक आहे हे ऐकून बरं वाटलं, म्हणजे कापाकापी न करता काम होईल. लक्षात घ्या, मागचं मडगार्ड बॉडीलाच वेल्ड केलेलं असतं, बॉनेटसारखं बोल्ट काढून बदलता येत नाही, म्हणून ते वाचलं ह्याला किंमत आहे.

ठिपक्यांचं आधी संपवतो. ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे तापलेला लोखंडाचा कणच, तो क्लिअर कोटमध्ये रुतून बसतो आणि पावसात गंजतो. गंज त्या कणाचा, गाडीचा नाही. कार डिटेलिंगच्या दुकानात आयर्न रिमूव्हर मिळतो, गाडी सावलीत, थंड असताना मारायचा, कणांवर जांभळा रंग ओघळतो, डब्यावर लिहिलेल्या वेळेत भरपूर पाण्याने धुवायचं, वाळू द्यायचा नाही. उरलेले कण क्ले बारने (गाडी साफ करायच्या मातीसारख्या मऊ वडीने) निघतात, पृष्ठभाग ओला ठेवून. पॉलिश पेपर लावू नका तिथे, उगाच क्लिअर जाईल. मात्र हे ठेवून दिलं तर तो कण हळूहळू खाली खात जातो, म्हणून ह्याच महिन्यात करून टाका.

आता बॉनेटचे तपकिरी टवके. हे घरी होतं, पण दोन दिवस सलग उघडीप हवी आणि गाडी छपराखाली. पेन्सिलीच्या मागच्या सपाट टोकाला ४०० नंबरच्या वॉटर पेपरची छोटी गोल चकती कापून फेविक्विकने चिकटवायची आणि टवक्यावर ठेवून हलक्या हाताने फिरवायची. असं केलं की फक्त गंजावरच पेपर फिरतो, आजूबाजूच्या चांगल्या रंगाला ओरखडे पडत नाहीत. कडेचा रंग सुटलेला असेल तर तोही काढा, जिथे घट्ट धरलाय तिथे थांबा. लाल पूर्ण जाऊन राखाडी पत्रा दिसला पाहिजे. बारीक खड्ड्यांत काळे-तपकिरी बिंदू उरतातच, तेवढ्यासाठी रस्ट कन्व्हर्टर. काडीच्या टोकावर घेऊन थेंबभर, बाटलीवर लिहिलंय तेवढाच वेळ.

कन्व्हर्टर दोन तऱ्हेचे असतात. फॉस्फरिक ॲसिडवाला गंजाचं लोह फॉस्फेट करतो, टॅनिकवाला काळा थर बनवतो. टॅनिकवाल्यात काही परदेशी जादू नाही, हिरड्यात जे टॅनिन असतं तेच, हिरडा आणि हिराकस उकळून पूर्वी काळी शाई करत त्यातला काळा रंग लोहाचा आणि टॅनिनचाच. पण एक लक्षात ठेवा, कन्व्हर्टर गंजावर काम करतो, स्वच्छ पत्र्यावर लावून उपयोग नाही, आणि जाड पापुद्र्यांवर लावला तर वरचा पापुद्रा काळा होतो आणि खालचा गंज तसाच चालू राहतो. आधी घासणं आलंच. हातात मोजे घाला.

मग वाळवा. हेअर ड्रायर लांबून फिरवा, पत्रा कोमट लागेपर्यंत. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पेट्रोलने पुसू नका, त्याचा तेलकट अंश राहतो. आता एपॉक्सी प्राइमरचा थेंब, फक्त उघड्या पत्र्यावर आणि कडेला अगदी जरासा चढेल इतका. हार्डवेअरमधला साधा रेड ऑक्साइड नको, त्यावर गाडीचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग लावला की त्यातल्या कडक थिनरने तो उचलला जातो आणि सुरकुत्या पडतात. प्राइमर पूर्ण सुकल्यावर रंग, दोन-तीन पातळ हात, एकाच वेळी जाड थेंब सोडला तर आतून ओला राहतो. शेवटी क्लिअर. रंगाचा कोड बॉनेटखालच्या किंवा दरवाज्याच्या खांबावरच्या पट्टीवर असतो, तो घेऊन गाडीचा रंग मिसळून देणाऱ्या दुकानात जा, १०० मिलीसुद्धा करून देतात. सिल्व्हरबद्दल आधीच सांगून ठेवतो, ब्रशने लावलेल्या सिल्व्हरमधले चमकीचे कण स्प्रेसारखे बसत नाहीत, म्हणून एका बाजूने बघितलं की ठिपका जरा गडद दिसणार. पत्रा बंद होणं महत्त्वाचं.

पांढरट टवक्यांना गंज नाही, त्यांच्यावर स्वच्छ करून नुसता रंग आणि क्लिअर पुरे, दिवाळीपर्यंत थांबलं तरी चालेल.

फुग्याचं काम मात्र आत्ता पूर्ण करू नका. पावसाळ्यात स्प्रे मारला की थिनर उडताना पत्रा थंड होतो, हवेतली ओल त्यावर धरते, रंग पांढरट पडतो, आणि त्याहून वाईट म्हणजे ओल प्राइमरखाली अडकते. रंगाचा बंद बूथ आणि स्प्रेच्या हवेतली ओल काढणारा ड्रायर असलेला वर्कशॉप असेल तर गोष्ट वेगळी, उघड्या शेडमध्ये कोणी करतो म्हणाला तर नको म्हणा. दसरा उलटला, हवा कोरडी झाली की द्या. तोवर आतल्या दुमडीतले सुटलेले पापुद्रे ब्रशने झाडून तिथे कन्व्हर्टर लावा, वाळल्यावर वर एपॉक्सी प्राइमरचा हात. बाहेरचा फुगा फोडू नका, फोडला तर झाकायला आत्ता काही नाही. लायनर परत लावायच्या आधी त्याच्या कडेला मातीचा कण राहू देऊ नका.

कात्रजकर_११

माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. सिल्व्हरवर ब्रशचा टचअप मी बघितलाय, पुढून गाडीला गोवर आल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा बॉनेट एकदाच चांगल्या ठिकाणी पूर्ण करून घ्यावा आणि पुढच्या भागाला पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म) लावून टाकावी, खडी लागली तरी फिल्मवर जाते. माझ्या गाडीला पुढे पीपीएफ आहे, एक्सप्रेसवेला रोज असूनही बॉनेट कोरा आहे. सिरॅमिक कोटिंगवर पैसे घालू नका, ते पाणी आणि धूळ झटकतं, खडीपुढे त्याचं काही चालत नाही.

पत्राकाम_कोल्हापूर

राग कसला, पीपीएफ आणि सिरॅमिकबद्दल बरोबरच लिहिलंय तुम्ही. पण बॉनेट पूर्ण करण्याला माझा ह्या गाडीपुरता विरोध आहे आणि कारण सांगतो. फॅक्टरीचा ई-कोट टाकीत बुडवून भट्टीत भाजलेला असतो, बॉनेटच्या आतल्या घड्यांपर्यंत पोचलेला. तो एकदा घासून काढला की बाहेर कोणीही, मीसुद्धा, तसा परत देऊ शकत नाही. ताईंच्या बॉनेटचा नव्वद टक्के भाग चांगला आहे, तो थोड्या टवक्यांसाठी खरवडायचा कशाला? शिवाय त्या रोज त्याच रस्त्याने जाणार, नवा रंग फॅक्टरीच्या मानाने मऊ असतो, पुढच्या मे महिन्यापर्यंत त्यावर पुन्हा टवके येणार. हायवेचं काम संपू दे, मग बॉनेट आणि फिल्म दोन्ही एकदम केलं तर पैसे कामी येतील. आणि गंज धरलेल्या टवक्यावर फिल्म लावू नये, खाली ओल कोंडते.

मिसिसागाचा_मालवणी

मी मूळचा मालवणचा, आता बरीच वर्षं कॅनडात. इथे थंडीत बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गंज हा विषय इथे प्रत्येक गाडीवाल्याच्या घरात असतो. दोन गोष्टी इथून शिकलो त्या कोकणात लागू पडतील म्हणून लिहितो.

एक, मीठ स्वतः हवेतून पाणी ओढतं. हवेतला ओलावा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मिठाला पाणी सुटतं, पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीत दिसतं ना तसंच. म्हणजे पत्र्यावर मिठाचा थर असेल तर पाऊस नसतानाही तो भाग ओलाच राहणार, आणि खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं म्हणून गंजण्याची क्रिया भराभर होते. रत्नागिरीत ओलावा पावसाळाभर त्याच्या वरच असतो. म्हणून पाऊस आहे तर गाडी आपोआप धुतली जाते हे खरं नाही, मडगार्डच्या आत, दरवाज्याच्या खालच्या घडीत, सिलच्या (दरवाज्याखालच्या पोकळ पट्टीच्या) आत पावसाचं पाणी शिरतं पण मीठ धुऊन बाहेर काढत नाही. इथे तर मीठ लागलेली गाडी गरम गॅरेजमध्ये ठेवली तर बाहेर गारठ्यात ठेवण्यापेक्षा जास्त गंजते, कारण बर्फ वितळतो आणि ऊब मिळते. कोकणात ऊब आणि ओल वर्षभर दोन्ही फुकट.

दुसरं, इथले लोक दर वर्षी हिवाळ्याआधी खालून आणि पोकळ भागांत तेलकट स्प्रे मारून घेतात. काळं, रबरासारखं घट्ट कोटिंग नव्या गाडीला ठीक, पण जुन्या गाडीला आधीच गंज असताना ते मारलं की त्याला तडा जातो आणि पाणी आत अडकतं, बाहेरून मात्र काळंभोर मस्त दिसतं. तेलकट थर सरकत राहतो, फटीत शिरतो, गंज असला तरी त्याच्यात भिनतो. ताई, तुम्ही मेच्या शेवटी, पाऊस लागायच्या आधी, दरवाजे, सिल आणि मागच्या मडगार्डच्या आतून कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागांत मारायचं मेण) किंवा लॅनोलिनचा (लोकरीतल्या मेणाचा) स्प्रे मारून घ्या. डब्ल्यूडी-४० त्यासाठी नको, त्याचा थर फार पातळ असतो आणि थोड्या दिवसांत उडून जातो. आणि खालची पाणी निघायची भोकं बुजवू देऊ नका, कोटिंग मारणारी मुलं घाईत त्यावरच फवारतात. दरवाज्याच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, काडी घालून मोकळी आहेत का बघा. दरवाजा हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला तर ती तुंबलीत.

वसईची_खाडी

भोकांचं खूप महत्त्वाचं लिहिलंत दादा, माझ्या गाडीचा उजवा दरवाजा त्यानेच खालून गेला होता. आणि ताई, मडफ्लॅप नसतील तर चारही चाकांना लावून घ्या, फार महाग नाहीत. पुढच्या चाकांनी उडवलेली खडीच दरवाज्याच्या खालच्या भागावर आणि मागच्या मडगार्डच्या पुढच्या कडेवर आपटते.

मिऱ्याकडची

फ्लॅप पुढे आहेत, मागे नाहीत, ह्या शनिवारीच लावते. दरवाज्यांची भोकं बघितली, मागच्या डाव्या दरवाज्याची दोन्ही तुंबलेली होती, काडी घातल्यावर लालसर पाणी आलं. कडेला गंज अजून नाही दिसत.

आयर्न रिमूव्हर मागवलाय. तपकिरी टवक्यांचं काम उघडीप बघून भाऊ घरी आला की दोघं मिळून करू. शेवटचा प्रश्न, दसऱ्यानंतर मडगार्डचं काम इथल्या पेंटरला देताना त्याला नेमकं काय सांगू? मला त्यातलं कळत नाही असं समजून काहीतरी करून देतील ही भीती वाटते. आणि साधारण किती पैसे धरून ठेवू?

पत्राकाम_कोल्हापूर

कोल्हापुरात आमच्याकडे असं एका पॅनलचं काम, पत्रा उघडा करून एपॉक्सीपासून, साधारण ४ ते ६ हजारांत जातं, रत्नागिरीत मटेरियल बाहेरून येतं म्हणून थोडं वर धरा. दीड-दोन हजारात करतो म्हणणारा एपॉक्सी वापरणार नाही, तेवढ्यात तो बसतच नाही.

देताना एवढं सांगा. फुगा जेवढा दिसतो त्याच्या पुढे चारी बाजूंनी दोन-तीन इंच तरी रंग काढून पत्रा बघायचा, कारण गंज रंगाखाली सरकलेला असतो आणि तो कुठे संपतो ते उघडल्याशिवाय कळत नाही. ग्राइंडरच्या जाड डिस्कने पत्रा पातळ करायचा नाही, वायर ब्रश किंवा स्ट्रिपिंग डिस्क. काही गाड्यांच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो, जिथे गंज नाही तिथे तो उगाच घासून काढायचा नाही. मग कन्व्हर्टर, धुणं, वाळवणं, एपॉक्सी प्राइमर, आणि पुट्टी लागलीच तर ती एपॉक्सीच्या वर, पत्र्यावर नाही. पुट्टीनंतर पीयू सरफेसर, मग बेस म्हणजे रंगाचा थर आणि टूके (हार्डनर मिसळून मारायचा) क्लिअर. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग नको, तो स्वस्त पडतो पण तुमच्याकडच्या उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात फिका पडून तडे जातात. टूकेचं हार्डनर श्वासातून जाणं धोक्याचं असतं, म्हणून तो स्प्रे घरी करायला कोणी सुचवलं तर करू नका, आणि पेंटर मास्क न घालता मारत असेल तर त्यालाही सांगा.

सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही दोनदा जाऊन बघणार हे आधीच सांगून ठेवा. एकदा पत्रा उघडा केल्यावर, एपॉक्सी मारायच्या आधी, आणि एकदा एपॉक्सी मारल्यावर, पुट्टी लावायच्या आधी. दोन्ही वेळी मोबाईलवर फोटो काढा. चांगल्या पेंटरला ह्याचं काही वाटत नाही, तो स्वतःच बोलावतो. जो म्हणेल यायची गरज नाही, संध्याकाळी गाडीच न्या, त्याच्याकडे देऊ नका. काम झाल्यावर फ्रीजवरचं साधं चुंबक फडक्यात गुंडाळून त्या जागेवर फिरवा, शेजारच्या पत्र्यावर धरतं आणि तिथे गळून पडतं म्हणजे पुट्टीचा जाड थर भरलाय.

आणि दुमडीच्या आतली बाजू. बाहेरून सगळे छान करतात, आत कोणी बघत नाही. लायनर काढून आतही एपॉक्सी आणि वर कॅव्हिटी वॅक्स मारायला लावा, मालवणच्या दादांनी सांगितलं तेच. त्याचे वेगळे दोन-तीनशे मागितले तर द्या. दर वर्षी नवरात्रात आणि शिमग्याच्या सुमारास लायनर काढून ती लाल माती धुवून टाका. पत्रा उघडा केल्यावर खाली भोक निघालं तर काम तिथेच थांबवायला सांगा, फायबर आणि पुट्टीने बुजवू देऊ नका, तेवढा पत्रा कापून सीओटू वेल्डिंगने नवा तुकडा बसवावा लागेल, तसं झालं तर फोटो इथे टाका, मी बघून सांगतो.